गोळ्या थांबल्या, पुटकुळ्या आल्या

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या, ७ तपकिरी. पांढरीत लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम ही दोन संप्रेरकं, तपकिरीत नुसतं लोह. खेड्यात हे पाकीट आशाताईंकडून मिळतं; शहरात मेडिकलवर माला-डी किंवा खासगी कंपन्यांच्या गोळ्या. लग्नानंतर किंवा पहिल्या बाळानंतर बाई काही वर्षं त्या घेते आणि मग कधीतरी थांबवते. दुसरं मूल हवं असतं, डोकं दुखत असतं, नवरा कामासाठी पुण्याला गेलेला असतो, किंवा आता पुरे असं वाटतं. पहिला महिना निवांत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, कानाखाली खोल, दुखरे फोड यायला लागतात. हात लागला तरी कळ जाते, पण तोंड काही फुटत नाही. कॉलेजात असताना चेहरा स्वच्छ होता आणि आता तिशीत हे काय, असं तिला होतं. घरात निदान तयार असतं: अंगातली उष्णता बाहेर पडतेय.

उष्णतेचा यात संबंध नाही. संबंध आहे तेलाचा.

बाईच्या शरीरातही पुरुषी संप्रेरकं थोड्या प्रमाणात असतात. अंडाशयातून आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ती येतात आणि त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींना कामाला लावतात. गर्भनिरोधक गोळी एका वेळी दोन गोष्टी करते. अंडाशयाला विश्रांती देते, आणि यकृतात एक प्रथिन वाढवते, जे रक्तातल्या मोकळ्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. तेल कमी सुटतं, चेहरा नितळ राहतो. गोळी थांबली की ते प्रथिन उतरतं, अंडाशय पुन्हा कामाला लागतं आणि इतके दिवस शांत असलेल्या ग्रंथी जाग्या होतात. रंध्रात तेल आणि मेलेल्या पेशींची गुठळी बसून ती फोड म्हणून वर दिसायला काही आठवडे जातात. म्हणून पहिला महिना फसवा वाटतो.

यातून निघणारी गोष्ट व्यवहाराची आहे. आज चेहऱ्यावर दिसणारा फोड मागच्या महिन्यातला आहे, आणि आज सुरू केलेल्या उपायाचं फळ आठ ते बारा आठवड्यांनी दिसणार आहे. बऱ्याच जणींचा चेहरा सहा महिने ते वर्षभरात आपोआप बराचसा शांत होतो. हा काळ काढणं हेच खरं काम. बहुतेक नुकसान होतं ते या काळात घाईने केलेल्या उपायांनी.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, हेही इथेच सांगायला हवं. पाळी अनियमित म्हणून किंवा पीसीओडीसाठी कॉलेजच्या मुलींनाही अनेकदा ड्रॉस्पायरेनोन किंवा सायप्रोटेरोन असलेल्या गोळ्या दिल्या जातात. त्या पुरुषी संप्रेरकांना जास्त जोराने आवरतात, त्यामुळे बंद केल्यावर फरकही जास्त ठळक जाणवू शकतो. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन वेगळं. त्यात एकच संप्रेरक असतं आणि काही जणींना ते चालू असतानाच फोड येतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली छाया, म्हणजे पूर्वीची सहेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तिच्यात ही दोन्ही संप्रेरकं नसतात. तांबीतही नसतात. हे लक्षात ठेवायचं कारण असं की रोजची गोळी थांबवली की दिवस राहण्याची शक्यता लगेच परत येते. मूल नको असेल तर तांबी, छाया किंवा निरोध यांपैकी काय वापरायचं हे गोळी बंद करण्याआधी ठरवावं. चेहऱ्याच्या काळजीत हा प्रश्न मागे पडतो आणि मग वेगळीच अडचण उभी राहते.

आता त्या घाईच्या उपायांपैकी ट्यूबबद्दल. नांदेडच्या वजिराबादेत असो, लातूरच्या गंजगोलाईत असो किंवा तालुक्याच्या बसस्टँडसमोर, मेडिकलच्या काउंटरवर चेहरा दाखवला की एखादी छोटी ट्यूब पुढे येण्याची शक्यता मोठी. मैत्रिणीने सांगितलेली, जावेला गुण आलेली. चौथ्या दिवशी लाली उतरते, चेहरा उजळतो, विश्वास बसतो. अशा अनेक ट्यूबांत स्टिरॉइड असतं. दोन-तीन महिन्यांत त्वचा पातळ होते, उन्हात गेलं की आग होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते. ट्यूब थांबवली की फोड दुप्पट होऊन येतात, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या १२ केंद्रांवर केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये आणली. कायदा आहे, पण काउंटरवर उभ्या बाईला ट्यूबवरची बारीक अक्षरं स्वतःच वाचावी लागतात. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ती ट्यूब मुरुमांसाठी चेहऱ्याला लावायची नाही. आधीच महिनोन्महिने लावली असेल तर एकदम फेकूनही देऊ नये. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावी.

नावगाव नसलेल्या डबीतली क्रीम त्याहून धोक्याची. अकोल्यात एकाच घरातल्या तिघी जणी, मुलगी, आई आणि बहीण, किडनीच्या विकाराने आजारी पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेताना धागा चेहऱ्याला लावायच्या क्रीमपर्यंत गेला आणि तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर झाली. भारतात अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. डबीवर उत्पादक, घटक, बॅच नंबर काहीच छापलेलं नसेल तर ती फुकट मिळाली तरी नको.

मग घरी करायचं काय? थोडंच, पण रोज.

सुरुवात पाण्यापासून. लातूरकरांना पाण्याची किंमत कोणी समजावायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर होतं आणि ते पाहायला गर्दी झाली होती. आजही अनेक घरांत वापरायचं पाणी बोअरचं असतं. या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, आणि बादलीच्या आतल्या कडेला पांढरट थर बसतो. तो थर म्हणजे पाण्यातल्या चुन्याशी साबणाने केलेलं मीठ, आणि तोच चेहऱ्यावरही राहतो. त्वचा सौम्य आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचच्या आसपास. अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. म्हणून अशा पाण्याने चेहऱ्याला साबण लावण्यापेक्षा साबणरहित फेसवॉश वापरावा. तो जमत नसेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा चेहऱ्यावर घ्यावा. दिवसातून दोनदा पुरे. तेलकट वाटतं म्हणून पाच वेळा धुतलं तर त्वचा कोरडी पडते, सोलवटते आणि औषधही सहन करेनाशी होते.

दुसरी गोष्ट स्कार्फ. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेलेला असताना स्कूटीवरची प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं बांधून घेते, आणि ते बरोबरच आहे. उन्हाने फोडांचे डाग गडद होतात. पण स्कार्फची गाठ नेमकी जबड्यावर येते. घाम, घर्षण, धूळ आणि कालचंच कापड यांनी तिथल्या फोडांना खतपाणी मिळतं. सुती, सैल आणि रोज धुतलेला असे दोन-तीन स्कार्फ पाळीपाळीने वापरले तर खर्च जवळजवळ शून्य आणि फायदा हमखास. उशीच्या अभ्र्याचंही तसंच. केसांना चोपून तेल लावून झोपायची सवय असेल तर ते धुवायच्या आधी दोन तास लावावं, रात्रभर नको. खोबरेल चेहऱ्याला तर नकोच, रंध्रं बुजवण्यात ते पुढे असतं.

तिसरी, आणि सर्वांत अवघड: फोड पिळायचा नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर फोडापेक्षा त्याचा काळा डाग जास्त दिवस टिकतो, कधी सहा महिने, कधी वर्ष. आरशासमोर घालवलेल्या दोन मिनिटांची भरपाई अशी महिन्यांनी करावी लागते.

स्वयंपाकघरातल्या उपायांत निवड करावी. लिंबू नको, ते इतकं आंबट असतं की त्वचा भाजते, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर फोडच येतात. खायचा सोडा नको, टूथपेस्ट नको. मुलतानी माती आठवड्यातून एकदा चालेल, पण ती तडकेपर्यंत ठेवू नये, ओलसर असतानाच धुवावी. ती तेल टिपते, एवढंच तिचं काम. कोरफडीचा गर थंडावा देतो. इराणमधल्या एका छोट्या प्रयोगात मुरुमांच्या नेहमीच्या औषधाबरोबर कोरफड लावली तेव्हा नुसत्या औषधापेक्षा जास्त गुण आला. म्हणजे तिची जागा औषधाच्या सोबत, औषधाऐवजी नाही. टी ट्री तेलाच्या बाजूने जुना आणि बरा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर पाच टक्के टी ट्री जेल आणि पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची केलेली तुलना १९९० साली प्रसिद्ध झाली. दोन्हींनी फोड कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण जळजळ कमी झाली. शुद्ध तेल मात्र थेट लावू नये, त्वचा पोळते.

पुदिन्याचं कौतुक सध्या फार ऐकू येतं. त्यामागे दोन छोटे अभ्यास आहेत, २००७ चा तुर्कस्तानातला २१ बायकांवरचा आणि २०१० चा इंग्लंडमधला चाळीसेक बायकांवरचा. चेहऱ्यावर नको तिथे केस येणाऱ्या या बायकांनी दिवसातून दोन कप पुदिन्याचा चहा घेतला आणि त्यांच्या रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरलं. फोड मात्र कोणी मोजले नव्हते. परसातल्या पुदिन्याची चार पानं गरम पाण्यात घालून प्यायला हरकत नाही. चमत्काराची वाट पाहू नये. आणि दिवस राहिले असतील तर पुदिना चटणीपुरताच ठेवावा.

जेवणाबाबत मात्र मराठवाड्याचं नशीब चांगलं आहे. साखर आणि मैद्याचे पदार्थ रक्तातली साखर झपाट्याने चढवतात, त्यामागोमाग इन्सुलिन चढतं, आणि इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर केलेला बारा आठवड्यांचा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. साखर हळू चढवणारं जेवण ज्यांना दिलं त्यांचे फोड इतरांपेक्षा जास्त कमी झाले. ते सगळे मुलगे होते, पण इन्सुलिनची वाट बायकांतही तीच आहे. असं जेवण इथे बाहेरून आणावं लागत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथीची किंवा शेपूची भाजी, जवसाची नाहीतर कारळाची चटणी आणि वाटीभर ताक हे ताट इथल्या घराघरांत होतंच. ते मागे पडलंय ते न्याहारीला आणि संध्याकाळी. मुरमुऱ्यांचा सुशीला सोडायची गरज नाही, पण मुरमुरे झटकन पचतात, म्हणून त्यात शेंगदाणे, डाळं आणि मोड आलेली मटकी सढळ हाताने घालावी. निलंगा राईस आठवड्यातून एकदा खाल्ला तर काही बिघडत नाही, रोज मात्र नको.

खरा हिशोब चहाचा आहे. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण दहा ग्रॅम. घरी सकाळी एक, दहाला एक, पाहुण्यांबरोबर एक, ऑफिसात दोन. पाच कपांत पन्नास ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो रोज पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. पाचाचे दोन कप केले आणि चमचा सपाट केला तरी आकडा आवाक्यात येतो. दुधाचं नक्की उत्तर सगळ्यांसाठी एक नाही. काही जणींचे फोड दुधाने वाढतात, विशेषतः साय काढलेल्या दुधाने, आणि व्हे प्रोटीनच्या पावडरीनेही. दोन महिने दूध कमी करून पाहावं. फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करावं. मुरुमांच्या भीतीने मूल हवं असलेल्या बाईने कॅल्शियम तोडू नये.

अजून एक प्रश्न स्वतःला विचारावा: अलीकडे ताकदीचं इंजेक्शन घेतलं का? बी-१२ च्या मोठ्या मात्रेने काही जणांना चेहऱ्यावर आणि छातीवर एकसारखे फोड उठतात. शाकाहारी बायकांत बी-१२ ची कमतरता खरी असते, म्हणून ते मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी.

ताणाचाही यात वाटा असतो, आणि लातूर हे परीक्षांचं शहर आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला आलेल्या हजारो मुली मेसचं जेवण आणि चार-पाच तासांची झोप यांवर वर्ष काढतात. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ विद्यार्थ्यांचे चेहरे परीक्षेच्या दिवसांत आणि एरवी असे दोनदा तपासले. ताण जितका वाढला तितके मुरूमही वाढल्याचं दिसलं. पाळीच्या गोळ्या थांबवलेल्या मुलीला परीक्षेच्या महिन्यात फोड जास्त आले तर तिचं काही चुकलेलं नाही. तिला सात तास झोप मिळेल असं पाहणं, हा आईवडिलांनी करायचा उपाय आहे.

घरचे उपाय पुरत नसतील तेव्हा औषधाला कमी लेखू नये. अझेलेइक ॲसिड मुळात गहू-सातूसारख्या धान्यांतही आढळतं. ते फोडांवर आणि डागांवर दोन्हीकडे चालतं आणि मूल हवं असतानाही सहसा सुरक्षित मानलं जातं. अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडही बरं, फक्त टॉवेलचा आणि स्कार्फचा रंग उडतो. गोळ्या ज्यांनी मुलासाठी थांबवल्या आहेत त्यांनी मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आयसोट्रेटिनोइनच्या कॅप्सूलने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. ती चालू असताना आणि थांबवल्यावर निदान महिनाभर दिवस राहता कामा नयेत. स्पायरोनोलॅक्टोन, डॉक्सिसायक्लिन, ॲडापलीन हीसुद्धा या काळात टाळायची. पुडीतली चूर्णंही याच यादीत धरावीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, आणि शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. आयुर्वेदावर विश्वास असेल तर नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे नाडी दाखवावी, जत्रेतल्या डबीवाल्याला नको.

काही खुणा दिसल्या तर थांबून पाहण्यात अर्थ नाही. गोळी बंद करून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर आधी गर्भचाचणी आणि मग डॉक्टर. पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे जाते, हनुवटीवर राठ केस येतात, भांगातले केस विरळ होतात, मानेवर मखमलीसारखी काळी पट्टी उमटते, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर गोळ्यांच्या आड लपलेला पीसीओडी बाहेर आलेला असू शकतो. संप्रेरकांची रक्ततपासणी गोळी थांबवून तीन महिने झाल्यावरच करावी, नाहीतर आकडे फसवतात. फोड गाठीसारखे होऊन खड्डे पडायला लागले, तर एक दिवसही घरगुती लेपांत घालवू नये.

दवाखान्यात गेल्यावर बायका मुरुमांचं सांगतात, गोळ्यांचं सांगत नाहीत. सोबत सासू असते, किंवा विषयच तसा वाटतो. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली काढलं, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’मधून मराठी वाचकांशी या विषयावर ते सरळ शब्दांत बोलत राहिले. त्यानंतर इतकी वर्षं गेल्यावर डॉक्टरांसमोर गोळीचं नाव घ्यायला संकोच वाटू नये. तोंडाने सांगायला जड जात असेल तर लिहून न्यावं. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे आणि स्त्रीरोग विभाग त्याच आवारात. जाताना पिशवीत चार गोष्टी असाव्यात: गोळ्यांचं रिकामं पाकीट, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या, चालू औषधांची चिठ्ठी, आणि गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडरचं पान, ज्यावर फोड जास्त आलेल्या दिवसांभोवती पेनने गोल केलेला आहे.